दुमडलेलं टोक

आत्तींनी ओव्हनच्या पत्र्यावर तळहात सपाट ठेवला आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"कुठं चावतोय?"

ओव्हन नुकताच लावला होता, पत्रा अजून तापला नव्हता. आत्तींनी हात तसाच ठेवला, वर दुसराही ठेवला. मग पाटावरून खाली उतरल्या. सासूबाईंना मी आत्ती म्हणत असे. त्या ठेंगण्या होत्या आणि मामंजींनी ओटा बांधून घेतला होता तो स्वतःच्या उंचीला साजेसा, त्यामुळे ओट्यापाशी पाट मांडून त्यावर उभं राहिल्याशिवाय त्यांचं पान हलत नसे. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण ओट्यावरून त्यांना बोल लावणं चालूच होतं.

"आता तू लाव."

मी बोट लावलं. कोपरापर्यंत कळ गेली. मी मागे फेकले गेले ती मांडणीवरच आदळले. डब्याचं झाकण खाली पडलं आणि बराच वेळ फरशीवर फिरत राहिलं. आम्ही दोघी ते थांबेपर्यंत त्याच्याकडेच बघत होतो.

"मन्या, इकडं ये रे."

हे बाहेरून आले, स्लीपर फटफटवत. आत्तींच्या स्वयंपाकघरात पायताण घालून यायची कुणाची छाती नव्हती, पण यांच्या टाचांना भेगा पडत आणि डॉक्टरांनी घरातही स्लीपर घालायला सांगितलं होतं. मुलाच्या टाचांपुढे आत्तींचं सोवळं नरम पडे. सुनेच्या टाचांचा प्रश्न कधी निघाला नव्हता.

"हात लाव बघू त्याला," आत्ती म्हणाल्या.

यांनी लावला. काही नाही. माझ्याकडे बघितलं, पुन्हा लावला.

"काही नाही गं, सरोज. तुला वाटत असेल."

"वाटत असेल?" मी म्हणाले. "झाकण काय वाटण्यानं पडलं?"

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. ती नजर मला मुळीच आवडली नाही.

ओव्हन माझ्या माहेरचा होता. तासगावात माझे वडील, अण्णा, एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. माझ्या रुखवतात त्यांनी तो गोल, ॲल्युमिनियमचा, झाकणाला काच असलेला ओव्हन मांडला होता. आमच्याकडच्या रुखवतात तोवर साखरेचं तुळशीवृंदावन आणि लोकरीचे ससे असत. अण्णांना ओव्हन नुसता मांडून ठेवायचा नव्हता, चालू करून दाखवायचा होता. कार्यालयातल्या भिंतीत प्लग बसेना म्हणून त्यांची कोण धावपळ झाली. पण शेवटी ओव्हन तापला, काचेखाली नानकटाई फुलली आणि वरपक्षाच्या बायका एकमेकींना ढकलून वाकून बघू लागल्या. आत्तींनी तिथंच एक नानकटाई तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "बरी आहे." त्यांच्या तोंडून बरी म्हणजे फार झालं, हे मला नंतर कळलं.

त्यामुळे लग्नानंतर इचलकरंजीला आल्यावर नानकटाई करणं हे माझं काम ठरून गेलं. दुपारची जेवणं झाली की मी ओल्या फडक्यानं फरशी पुसून घ्यायची आणि मगच ओव्हन लावायचा. उष्ट्या जमिनीवर खाऊ करायचा नाही, हा आत्तींचा नियम. उन्हाळ्यात सगळं ठीक होतं. श्रावण सरता सरता ओव्हन चावायला लागला, आणि तोही फक्त मला.

पहिल्यांदा आत्ती हसल्या. मग म्हणाल्या, कामाचा कंटाळा असेल तर तोंडानं सांगावं. मग हसणंही बंद झालं. मी स्वयंपाकघरात काही करत असले की त्या दारात येऊन उभ्या राहात आणि माझे हात बघत बसत. एकदा विचारलं, "लहानपणी तुला फीट-बीट येत होती का गं?" मी नाही म्हटलं. "नाही, विचारून ठेवलं," म्हणाल्या.

त्या दिवसांत वर्तमानपत्रात वरचेवर बातमी असे की अमक्या गावी स्टोव्हचा भडका उडून नवविवाहिता भाजली. माहेरी असताना ती बातमी मी ओलांडून पुढे जात असे. आता मी ती शोधून वाचू लागले. प्रत्येक वेळी भडका सुनेच्याच अंगावर कसा उडतो, सासूच्या पदराला तो कधी का शिवत नाही, असा विचार मनात येई. माझ्याही घरात एकच वस्तू एकालाच चावत होती. मी काय समजायचं?

एका रविवारी मी विहिरीवरून धुणं घेऊन आले, तर स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. ढकललं तर हे ओव्हनपाशी बसलेले, हातात स्क्रू ड्रायव्हर. मला बघून दचकले.

"काय करताय?"

"काही नाही. फ्यूज बघत होतो."

"फ्यूज बाहेर मीटरपाशी आहे."

"तेच. बाहेरचा बघितला, म्हटलं इथलाही बघावा," असं म्हणून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला आणि गेले. ओव्हनमध्ये फ्यूज नसतो, एवढं मला ठाऊक होतं. दवाखान्यात इंजेक्शनच्या सुया उकळायचं विजेचं भांडं अण्णा स्वतः दुरुस्त करत आणि मी शेजारी बसून बघत असे. "तांबडी वायर आणते, काळी नेते," अण्णा शिकवत. "आणि हिरवी?" "हिरवी रखवालदार. तिला एरवी काही काम नसतं. पण वीज पत्र्यात घुसली की ती लगेच फ्यूज उडवून आरडाओरडा करते. रखवालदार नसलेल्या घरात चोर आला तरी कळत नाही." मग आमच्या ओव्हनचा रखवालदार गप्प का होता? आमचा फ्यूज एकदाही उडाला नव्हता. हा विचार मला त्या स्क्रू ड्रायव्हरनंतर पहिल्यांदा आला आणि मग डोक्यातून जाईना.

त्याच संध्याकाळी माजघरातून आत्तींचा दबका आवाज ऐकू आला.

"तिच्या बापाला बोलावून घे. समोरासमोर होऊन जाऊ दे. पोरीत काही खोट असेल तर त्यानं लग्नाआधी सांगायला पाहिजे होतं. घेऊन जाऊ दे त्याची त्याला."

"थोडं थांबू या ना, आई."

"आणखी किती थांबायचं? दिवाळी तोंडावर आली. उद्या पोरगी खरंच कुठं पडली-झडली तर नाव कुणाचं येणार? तुझं आणि माझं."

म्हणजे मला परत पाठवणार होते. परत आलेल्या मुलीचं तासगावात काय होतं ते मी बघितलं होतं. आमच्या गल्लीत एक होती. तिला सगळे फार जपून वागवत, आणि तेच बघवत नसे.

अण्णा पुढच्याच आठवड्यात आले. धोतर, काळी टोपी, काखेत दवाखान्याची कातडी पिशवी. ती पिशवी त्यांच्याबरोबर लग्नाकार्यालाही असे. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. हे समोर बसले. मी दारातल्या पडद्याआड उभी राहिले. आत्तींनी पाहुणचारात काही कमी ठेवलं नाही. भांडायचं असलं तरी चहा झाल्यावर भांडायचं, असा त्यांच्याकडे रिवाज होता. सुपारी कातरायला बसल्या आणि लक्ष भलतीकडेच असल्यामुळे अडकित्ता बोटावर बसला.

"थांबा, विहीणबाई."

अण्णांनी पिशवी उघडली. क्षणात ते कंपाउंडर झाले. बोट पुसलं, औषध लावलं, कापूस ठेवला, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि कात्रीनं कापून तिचं टोक जरासं आत दुमडलं.

"टोक दुमडून ठेवलंय. ही पट्टी तात्पुरती आहे, उद्या बदलायची. टोक धरून ओढलं की सुटेल, नख लावत बसायला नको."

ही अण्णांची जुनीच सवय. जी पट्टी पुन्हा काढायची तिचंच टोक दुमडायचं. माझ्या लहानपणी गुडघ्यावर ते टोक दिसलं की मला धीर वाटे, कारण त्याचा अर्थ उद्या अण्णा पुन्हा बघणार असा असे.

"उपकार झाले," आत्ती बोट बघत म्हणाल्या. "आता माझं ऐका. तुमच्या पोरीला ओव्हन चावतोय."

"चावतोय म्हणजे?"

"हात लावला की झटका बसतो म्हणते. आम्हाला कुणाला बसत नाही. मला नाही, मन्याला नाही. हिलाच बसतो. परवा मांडणीवर जाऊन आपटली. आता तुम्हीच सांगा, ओव्हन माणूस ओळखतो का?"

पडद्याच्या फटीतून मला त्यांचा चेहरा अर्धाच दिसत होता. पिशवीचा पट्टा लावता लावता त्यांचा हात थांबला होता. मग एकदम आवाज चढवून म्हणाले,

"ओव्हन कुणी उघडला होता?"

हे चपापले. "मी जरा... खालचा स्क्रू सैल करून बघितला होता. काही कळलं नाही, मग परत लावून टाकला."

"झालं तर मग. धडधाकट वस्तू दिली होती मी. मांडवात पाच-पंचवीस बायकांनी हात लावले, कुणाला काही झालं नाही. इथं आल्यावर तुम्ही उघडलीत आणि आता ती माझ्या पोरीला झटके देते. वर पोरगीच खोटी?"

"खोटी कुणी म्हटलं?" आत्तींचा आवाजही चढला. "आजारी म्हटलं. फीट येत असेल, डोक्याचं काही असेल. तुम्ही दवाखान्यातली माणसं, तुम्हाला ठाऊक असणार. आम्हाला सांगितलं नाहीत."

"माझी मुलगी ठणठणीत आहे."

"मग ओव्हन आजारी आहे का, कंपाउंडर?"

आतापर्यंत त्या अण्णांना पाव्हणं म्हणत होत्या. अण्णा उठून उभे राहिले. "सरू, ट्रंक भर. हल्ली सुनांचं काय काय होतं ते मीही पेपरात वाचतो. आमच्या दवाखान्यातही येतात तसल्या. मी तिला इथं ठेवणार नाही."

हेच मी इतके दिवस मनात घोळवत होते. यांनी मान खाली घातली. आत्ती पांढऱ्याफटक पडल्या. मी पडदा बाजूला सारला.

"मी ट्रंक भरणार नाही. आधी ओव्हन उघडणार आहे. त्यात काय आहे ते मला बघू द्या, मग कुणी कुठं जायचं ते ठरवू."

"मीच बघतो," अण्णा पुढे सरले.

"व्याह्यानं माझ्या सैपाकघरात पाय ठेवायचा नाही," आत्ती म्हणाल्या. एवढ्या सगळ्यातही त्यांना ते सुचलं. "आणि तूही एकटीनं उघडायचा नाहीस. मी समोर बसणार. काय काढतीस, काय घालतीस, ते मला दिसलं पाहिजे."

"बसा."

यांच्याकडून मी स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला.

मी मेन स्विच बंद केला, ओव्हन जमिनीवर घेतला आणि उलटा करून गोणपाटावर ठेवला. आत्ती आपला पाट ओढून माझ्यासमोर बसल्या, पट्टीचं बोट वर धरून. खालचा पत्रा तीन स्क्रूंवर होता. तो काढला. आत कॉइलचं वेटोळं आणि तिला पत्र्यापासून अलग ठेवणारे चिनीमातीचे पांढरे मणी होते. मी मण्यांवरून एकेक करत बोट फिरवत गेले. एक मणी फुटलेला निघाला. तिथं कॉइल लोंबून थेट पत्र्याला टेकली होती.

"हे बघा, आत्ती. मणी फुटलाय. इथून वीज सगळ्या पत्र्यात जाते."

त्यांनी वाकून बघितलं. "आत्ता फोडलास का?"

"तुम्ही समोर बसलाय ना?"

"हं. पण मग सगळ्यांना चावायला पाहिजे. मला का नाही चावला?"

त्याच प्रश्नावर माझा सगळा संसार टांगलेला होता. मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाटावर बसल्या होत्या. त्याच पाटावर, ज्यावर उभं राहून त्यांनी ओव्हनला दोन्ही हात लावले होते.

"आत्ती, तुमचा पाट सागवानी ना?"

"सागवानी. माझ्या आईनं दिलेला. का?"

"लाकडातून वीज जात नाही. यांच्या पायात रबरी स्लीपर असतात, रबरातूनही जात नाही. मी एकटी ओल्या फरशीवर अनवाणी असते, पायात चांदीची जोडवी. वीज माझ्या हातातून शिरते आणि पायातून जमिनीत जाते."

आत्ती पाटाकडे बघत राहिल्या. त्यावरून उठावं की बसून राहावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"म्हणजे पाट नसता तर मलाही चावला असता."

"हो."

"आणि ती फरशी ओली करायला मीच लावत होते तुला."

त्या पुन्हा म्हणाल्या, "मला काय माहीत बाई. देवानं बुटकी केली म्हणून पाट घेतला."

कडेला दोन मणी शेजारी शेजारी होते. त्यातला एक सरकवत सरकवत मी फुटक्याच्या जागी आणला आणि कॉइल ताणून वर घेतली. काम तसं झालं होतं. पण माझ्या मनातला स्क्रू ड्रायव्हर जात नव्हता. मणी आपोआप फुटू शकतो. रखवालदार आपोआप गप्प बसत नाही. ओव्हनकडच्या बाजूला हिरवी वायर पत्र्याला घट्ट आवळलेली दिसत होती. मग उरला प्लग. दुसऱ्या टोकाला काळा, जाडजूड, तीन पायांचा प्लग होता.

"आता ते कशाला उघडतीस?" आत्तींनी विचारलं.

"हिरवी वायर बघायची आहे. ती नीट असती तर पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला असता आणि आपल्याला कळलं असतं. ती कुणीतरी काढली असणार."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

मी दाराकडे बघितलं. आत्तींना ते कळलं. त्यांचे डोळे बारीक झाले.

"माझा पोरगा तसला नाही."

"मी काही म्हटलं नाही."

"म्हणू पण नकोस. उघड."

प्लगचा स्क्रू गंजला होता, सहज फिरेना. यांनी हा उघडला असता तर गंज राहिला नसता, एवढं तेव्हाच कळायला हवं होतं. पण संशय एकदा घरात शिरला की पुरावे तोच गोळा करतो. मी जोर लावला, स्क्रू सुटला, झाकण निघालं.

तांबडी जागच्या जागी होती. काळीही होती. वरच्या मोठ्या पायाला काहीच जोडलेलं नव्हतं. हिरवी वायर कापून बाजूला वळवली होती आणि उघड्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळली होती. दवाखान्यातली, फिकट गुलाबी. तिचं टोक आत दुमडलेलं होतं.

मला तो कार्यालयातला दिवस डोळ्यांसमोर दिसला. भिंतीत दोनच भोकं होती आणि ओव्हनचा प्लग तीन पायांचा. अण्णा धावत कुठूनतरी दोन पायांचा प्लग घेऊन आले होते. दोन पायांच्या प्लगला तिसरी वायर कुठं जोडणार? तेव्हा तात्पुरती कापली, पट्टी लावली, आणि काम झाल्यावर पुन्हा जोडायची म्हणून टोक दुमडून ठेवलं. मग वरात, मग पाठवणी. गाडी दारात उभी आणि सगळ्यांची घाई. त्यांनी जुना प्लग बसवला असणार रडत रडतच, आणि हिरवी तशीच राहून गेली. ते काढणार होते. टोक दुमडलं होतं म्हणजे नक्की काढणार होते.

बाहेर अण्णांचा आवाज चालू होता. "जावईबापू, शिकलेली माणसं तुम्ही. विजेच्या वस्तूशी खेळ करतात का?" हे काहीतरी पुटपुटत होते. निरपराध माणूस बोलणी खात होता आणि देणारे माझे वडील होते. मी पट्टीवर अंगठा ठेवला. झाकावं, की हातात घेऊन बाहेर जावं? झाकलं तर यांच्यावरचा डाग जन्मभर राहणार होता. दाखवलं तर अण्णा या घरात पुन्हा मान वर करून बसले नसते.

"अंगठा काढ," आत्ती म्हणाल्या.

मी काढला.

त्यांनी पट्टी पाहिली. मग आपलं बोट जवळ आणलं. तोच गुलाबी रंग, तसंच दुमडलेलं टोक, एकाच हातचं. दोन्ही शेजारी धरून त्या बघत बसल्या. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आता त्या उठतील आणि बाहेर जाऊन अण्णांसमोर तो प्लग आपटतील, अशी माझी खात्री होती. तसं केलं असतं तर त्यांना नावं ठेवायला जागा नव्हती. घरात पाय ठेवून खुनाचा आळ घेतला होता अण्णांनी.

आत्तींनी दुमडलेलं टोक चिमटीत धरलं आणि ओढलं. पट्टी अलगद सुटून आली. त्यांनी तिची गोळी केली, कनवटीला खोचली आणि म्हणाल्या,

"लाव ती हिरवी तिच्या जागी."

मला ते काही वेळ जमेना, कारण डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी घाई केली नाही. मी तार सोलली, मोठ्या पायाला आवळली, प्लग बंद केला, पत्रा लावला. ओव्हन ओट्यावर ठेवला, प्लग भिंतीत लावला आणि मेन चालू केला. मग हात उलटा केला. अण्णांनीच शिकवलं होतं, तपासताना उलटा हात लावायचा, म्हणजे मूठ आवळली तरी वस्तू पकडली जात नाही.

"थांब," आत्ती म्हणाल्या. "आधी मी."

त्यांनी पाट पायानं बाजूला सारला. बादलीत फडकं बुडवून फरशी ओली केली, तिथं अनवाणी उभ्या राहिल्या, टाचा उंचावल्या आणि माझ्यासारखाच हात उलटा करून पत्र्याला लावला. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. काही झालं नाही.

"आता तू."

मी लावला. पत्रा कोमट होता, बस.

आम्ही दोघी बाहेर आलो. अण्णा उभेच होते. मी काही बोलायच्या आत आत्तींनी सुरुवात केली.

"सापडलं. आतला एक मणी फुटला होता आणि हिरवी वायर तुटली होती. सरोजनं दोन्ही नीट केलं. पोरगी खोटी नव्हती, माझं चुकलं."

"हिरवी?" अण्णांचा आवाज एकदम खाली आला. "ती कशानं तुटली?"

"उंदरानं कुरतडली. प्लगमधली."

प्लग काळा, टणक, चहूबाजूंनी बंद. त्यात मुंगी शिरणं कठीण. हे अण्णांइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. त्यांनी आत्तींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी जमिनीकडे पाहिलं. अण्णा हळूच खुर्चीत बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली.

"उंदीर फार झालेत का घरात?" त्यांनी विचारलं.

"एकच होता," आत्ती म्हणाल्या. "मुद्दाम नाही काही करत बिचारा. घाईत असतो."

हे मधेच म्हणाले, "आपल्याकडे उंदीर? मी कधी बघितला नाही." आत्तींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते पुढचं बोलायचं विसरले.

अण्णा उठले, यांच्यासमोर गेले आणि हात जोडले. "जावईबापू, माझ्या तोंडून फार वाईट शब्द गेला." हे गडबडून गेले, त्यांचे हात धरू लागले. "आणि विहीणबाई, तुम्हाला तर—"

"पोरीचा बाप आहात," आत्ती म्हणाल्या. "बोलणारच. बसा, नानकटाई खाऊन जा."

अण्णा निघाल्यावर यांनी कपाटामागून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्यापुढे धरलं. नव्या रबरी स्लीपर होत्या, माझ्या मापाच्या. यांच्या गिरणीतल्या वायरमननं सांगितलं होतं म्हणे, बायकोच्या पायात रबर घाल. पण आईला कसं सांगायचं, म्हणून ते महिनाभर लपवून बसले होते. माझ्या संशयाला मी काय काय खायला घातलं होतं, आणि निघालं काय, तर एक भित्रा नवरा. आत्तींनी स्लीपर पाहिल्या आणि म्हणाल्या, "घाल. पण देवापाशी काढ."

दिवाळीला अण्णा आले तेव्हा कातडी पिशवीबरोबर हातात एक वस्तू होती. उंदराचा पिंजरा, तारेचा, नवा कोरा. "विहीणबाईंसाठी," म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले. आत्तींनी तो दोन्ही हातांनी घेतला, कडी वाजवून बघितली, म्हणाल्या, "बरा आहे."

पिंजरा ओट्याखाली गेला. अण्णा यायचे असले की आत्ती त्यात आठवणीनं भाकरीचा तुकडा अडकवत. अण्णाही आल्यावर एकदा दारातून वाकून बघत आणि विचारत, "काही सापडलं?" आत्ती म्हणत, "अजून नाही." मग दोघं चहा घेत. वर्षानुवर्षं हेच चाललं. यांना वाटे की म्हातारपणी दोघांनाही उंदरांचं वेड लागलं आहे. यांना अजूनही उंदीरच माहीत आहे.

अण्णा गेले तेव्हा आत्ती खूप थकल्या होत्या, ओट्यापाशी पाटावर उभं राहणंही होत नव्हतं. तासगावचे दिवस उरकून मी परत आले, तर त्या ओट्याखाली हात घालून पिंजरा ओढत होत्या. मी तो काढून दिला. त्यांनी आतला वाळका तुकडा काढला, पदरानं तारा पुसल्या आणि पिंजरा माझ्या हातात दिला.

"माळ्यावर टाक," म्हणाल्या. "आता कुणासाठी लावायचा?"